सुपारीचं बटण

आगरदांड्याच्या धक्क्यावरून तेलाच्या इंजिनची लाँच चालवली ती माझ्या भावानं आणि मी. हे सांगितलं की घरातली पोरं हसतात. म्हणतात, आजोबा, तुमच्या काळात शिडं होती. शिडं होतीच, मी कुठं नाही म्हणतो? पण इंजिनही होतं आणि ते आमच्या हातात होतं. मी दोन बुकं शिकलेला माणूस. तिसरीच्या मास्तरांनी छडी उगारली, ती मी वरच्यावर धरली आणि मोडून खिडकीतून टाकली, तिथं माझी शाळा संपली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटावं अशी गोष्ट माझ्या हातून एकच झाली आणि ती शाळेतली नव्हे. ज्यांना ती माहीत होती ती माणसं सगळी गेली. मी राहिलो आहे, म्हणून मीच लिहितो. नातीनं विचारलं, शुद्धलेखन तपासून देऊ का? मी म्हटलं, हात लावू नकोस.

आमचं घर खाडीला लागून होतं. उधाणाच्या भरतीला पाणी मागच्या दाराच्या पायरीपर्यंत येई आणि कुडाच्या पलीकडे कुणी धुणं आपटत बसल्यासारखा आवाज येत राही. पुढच्या बाजूला दहा-बारा पोफळी, चार माड आणि विहीर. तिच्या रहाटाची कुरकुर हेच आमचं घड्याळ. अम्मा फजरची नमाज झाली की चुलीपाशी बसे. तांदळाच्या भाकरीवर तिच्या तळव्याची थाप पडू लागली की मी उठे. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कधी खाडीतली कालवं कांद्यावर परतलेली, आणि गवती चहाचं कोरं पाणी. बाबा खाडी ओलांडणाऱ्या तरीवर असत, माझ्या अगदी लहानपणी तापानं गेले. बाबा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भाईच येतो. भाई म्हणजे इसाक, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. घरात कल्हईचा मोठा थाळा एकच होता आणि भाई आणि मी त्यातच समोरासमोर बसून जेवत असू, आमच्यात तशी रीतच आहे. भाई आपल्या बाजूचा माशाचा तुकडा बोटानं माझ्या बाजूला सरकवी आणि लगेच दाराबाहेर बघे. म्हणजे मला नको म्हणायला जागाच राहू नये.

भाई काही वर्षं मुंबईत मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. तो परत आला तो इंजिन घेऊन. मुरुडच्या एका शेटनं मोडीत निघालेली डिझेलची लॉरी घेतली होती. तिचा सांगाडा मुंबईतच भंगारात टाकला आणि इंजिन काढून एका जुन्या मचव्यात बसवलं. तीच आमची लाँच, आगरदांडा ते दिघी. भाई डायवर, मी त्याच्या हाताखाली, आणि दोर-नांगर सांभाळायला जोमा कोळी, बाबांच्या वेळेचा, खारट तोंडाचा माणूस. इंजिनाबरोबर सगळं सामान आलं, एक बटण तेवढं आलं नाही. ह्या इंजिनाला गारठ्यात उठवायचं तर आधी आतून तापवावं लागे. चार सिलिंडर, प्रत्येकात एक हीटर प्लग. बोटाएवढी वस्तू, टोकाला तारेचं वेटोळं. बॅटरीचा करंट सोडला की वेटोळं निखाऱ्यासारखं लाल होतं, मग स्टार्टर मारला की तेल पेट घेतं. तो करंट सोडायचं बटण लॉरीच्या फळीवर होतं आणि फळी भंगारात गेली होती.

भाई म्हणाला, "मग करू आपण." त्यानं मोडक्या वल्ह्याचा एक तुकडा तासून घेतला आणि त्यात दोन बोल्ट बसवले. वरून दाबायला पितळेची पट्टी पाहिजे होती, चांगली जाड, कारण त्या करंटपुढे पातळ पत्रा टिकत नाही, वितळून चिकटून बसतो. अम्माच्या पानाच्या डब्याचं झाकण जाड पितळेचं होतं. भाईनं ते मागितलं नाही, कापूनच आणलं. पट्टी दाबली की खालच्या बोल्टला टेके, सोडली की आपली आपण वर उचले. आता बोट कुठं ठेवायचं? पितळ तापतं. भाईनं आमच्या वाडीतली एक रोठा सुपारी घेतली, तापल्या सळईनं तिला भोक पाडलं आणि पट्टीवर घट्ट बसवली. बॅटरीपासून बटणापर्यंत आणि बटणापासून इंजिनापर्यंत त्यानं करंगळीएवढी जाड तार ओढली. मी म्हटलं, एवढी जाड कशाला, बारीक तार पण करंट नेते की. भाई म्हणाला, "बारीक तार घंटी वाजवायला. ही इंजिन उठवायला." अम्मा पुढे कित्येक दिवस येईल त्याला सांगे, "ह्यांच्या बोटीला बटण झालं, माझी पानं उघडी पडली." तिच्या डब्यावर मग बशी आली, ती तिच्या मरणापर्यंत होती.

चारी प्लग एका माळेत होते. पहिल्यातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिथून चौथ्यात, आणि शेवटी इंजिनाच्या अंगाला. बटणाच्या शेजारी, डायवरला दिसेल असं, त्याच माळेतलं तारेचं आणखी एक वेटोळं जाळीच्या झाकणाखाली होतं. त्याला आम्ही डोळा म्हणत असू. आत प्लग तापले की बाहेर डोळा लाल होई. परवा नातवाच्या जीपमध्ये बसलो होतो, त्यानं चावी फिरवली आणि समोर पिवळा दिवा लागला, त्यावर वेटोळ्या तारेचं चित्र. नातू म्हणाला, "आजोबा, हे तुम्हाला न्हाय कळणार, हे नवीन हाय." मी तो दिवा विझेपर्यंत बघत राहिलो.

बटण किती वेळ दाबून धरायचं, हा प्रश्न होता. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. भाईनं हिशोब बसवला होता: बटण दाबायचं, दोनदा अल्हम्द, म्हणजे कुराणातली पहिली सूरा, म्हणायची, मग स्टार्टर. हे अम्माच्या कानावर गेलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात तसेच घेऊन बाहेर आली.

"अल्लाचं कलाम इंजिन तापवायला वापरतोस?"

"कामाला हात लावताना नाव घेतोच की, अम्मा," भाई म्हणाला. "मी दोनदा घेतो."

"मग सावकाश घे. घाईत म्हटलेलं पोचत न्हाय."

भाई त्यानंतर खरंच सावकाश म्हणू लागला. एका हाताचं बोट सुपारीवर, नजर डोळ्यावर, ओठ हलताहेत. उतारू गप्प बसत. जोमाला मात्र राहवत नसे. "तुमच्या देवाला लय येळ लागतो, इसाक. माज्या आईला एक हाक मारली की पुरं."

"मग तिला सांग इंजिन उठवायला," भाई म्हणे, आणि तेवढ्यात इंजिन उठे.

माझं वय सतरा-अठरा. भाईनं मला सगळं शिकवलं होतं आणि मला वाटत होतं, सगळं येतं. थंडी पडली त्या सुमारास एका सकाळी भाईनं बटण दाबलं आणि डोळा काळाच राहिला. त्यानं एकेक प्लग काढून पाहिला. तिसऱ्याचं वेटोळं तुटलं होतं. माळेतला एक गेला की सगळे थंड. भाई म्हणाला, "मुंबईहून नवा आणावा लागेल. तोपर्यंत चिंधीवर चालवू." म्हणजे रॉकेलात भिजवलेली चिंधी पेटवून इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी धरायची आणि दुसऱ्यानं स्टार्टर मारायचा. दोन माणसांचं काम, धूर फार, आणि उतारू घाबरत. पुढच्याच दिवशी भाई मुंबईला गेला. मला वाटलं, प्लग आणायला.

तो गेला आणि मी डोकं चालवलं. तिसरा प्लग मेला आहे ना, मग त्याला वगळू. तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा घेतला आणि दुसऱ्या प्लगपासून सरळ चौथ्याला जोडला. बटण दाबलं. डोळा असा पेटला की मीच दचकलो, आणि इंजिन एकाच अल्हम्दमध्ये उठलं. मी धक्क्यावर छाती काढून फिरलो. जोमाला म्हटलं, बघ, तीन प्लगवर चालतंय, आणि चारापेक्षा लवकर. जोमा म्हणाला, "लवकर तर लवकर. पन तो तुजा डोळा आज पांढरा कसा दिसतो रं?" मी म्हटलं, तू दोर सांभाळ.

तीन दिवसांनी भाई आला. प्लग मिळाला नव्हता. मी त्याच्या देखत बटण दाबलं, मुद्दाम, सगळे उतारू चढल्यावर. भाई डोळ्याकडे बघत होता. इंजिन उठलं तसं त्यानं ते बंद केलं.

"काय केलंस?"

मी सांगितलं.

"काढ ती तार."

"का? चालतंय की."

"डोळा लाल पाहिजे, उस्मान. पांढरा न्हाय." मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि ते मला अजून शब्दानं शब्द आठवतं. "वाडीतल्या पाटात चार धोंडे टाकलेत, पाण्याचा जोर मोडायला. एक उचललास तर उरलेल्या तिघांवर पाणी जास्त आपटणार. आज तीन चालतील. मग एक फुटेल. मग दोघांवर. मग काय उरंल?"

मला समजलं होतं. तरी मी म्हणालो, "तुला जमलं न्हाय ते मला जमलं, ते तुला बघवत न्हाय."

भाईनं वाकून ती तार उपटली आणि खाडीत फेकली. उतारू हसले. जोमाही हसला. मार खाल्ला असता तर मी विसरलो असतो. ते हसणं मी घरी घेऊन गेलो.

त्या दुपारी मी थाळ्यात जेवायला बसलो नाही. चुलीपाशी जाऊन मातीच्या परळात भात वाढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. अम्मानं भाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस असं चाललं. भाई थाळ्याच्या आपल्या बाजूला बसे आणि आपल्याच बाजूचं जेवून उठे. माझी बाजू कोरी राही. माशाचा एक तुकडा मात्र मधोमध ठेवलेला असे. तो तसाच राहायचा, मग अम्मा तो उचलून मांजराला घाली. लाँचवर आम्ही जोमाच्या तोंडानं बोलत असू. "त्याला सांग, तेल भर." "त्याला सांग, भरलंय." जोमा कंटाळून म्हणाला, "मी कोळी हाय का तुमच्या मधली तार हाय?"

आठव्या दिवशी भाईनं अम्माला सांगितलं की त्याला जहाजावर काम मिळालं आहे, इंजिनखान्यात, परवाच्या आगबोटीनं निघायचं. मुंबईला तो त्याच्या परवान्यासाठी गेला होता. मी ऐकत होतो. मला वाटलं, माझ्यावर रागावून चालला आहे. माझा राग वर आला, आणि त्याच्याखाली काहीतरी दुसरंही होतं, पण ते मी वर येऊ दिलं नाही. त्यानं लाँचची किल्ली खुंटीला लावली. ती मी घेतली, धक्क्यावर गेलो, आणि नवीन तार तोडून पुन्हा तशीच जोडली. कुणाला दाखवायला नाही. नुसती जोडली.

जाण्याच्या दिवशी अम्मानं सांदणं केली होती, गुळाची. घरभर वाफेचा वास. भाईनं उभ्यानं एक खाल्लं, अम्माच्या हातावर डोकं टेकवलं आणि ट्रंक जोमाच्या खांद्यावर देऊन निघाला. मी मागच्या दारी जाळ्याला गाठी मारत बसलो होतो. तो माझ्यामागे येऊन क्षणभर उभा राहिला, हे मला त्याच्या पायाच्या आवाजावरून कळलं. मी गाठ मारत राहिलो. मग पाय गेले.

तो धक्क्याच्या वळणावर पोचला असेल, तेव्हा अम्मा माझ्यापुढे येऊन बसली. तिच्या हाताला गूळ लागलेला होता. म्हणाली, "त्यानं माझ्याकडून वचन घेतलंय, बोट सुटेपर्यंत तुला सांगू नकोस म्हणून. मला न्हाय जमत. शेट म्हणाला, एका लाँचला दोन डायवर मी ठेवणार न्हाय, एकाला काढ. इसाकनं सांगितलं, उस्मानला ठेवा, मी जातो. तुला सांगितलं असतं तर तू हट्टानं काम सोडलं असतंस."

सोडलंच असतं. त्याला माहीत होतं.

मी उठून पळालो. धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडाचा पडाव सुटला होता. आगबोट खाडीच्या तोंडाबाहेर, जंजिऱ्याच्या पलीकडे खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून जात. लाँचचं काम नुसतं खाडी ओलांडायचं. जमिनीवरून दर्याकडे जाणारा मतलई वारा होता, शीड भरलं होतं. भाई पडावात पुढच्या फळीवर, पाठ माझ्याकडे, शेजारी ट्रंक घेऊन जोमा. आमच्याकडे दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत. मारली तर परत येत नाही म्हणतात. ती हाक माझ्या गळ्यात होती आणि मी ती गिळली. समोरून गाठायचा, एवढं एकच सुचलं. लाँचनं वळसा घालून पडावाच्या पुढं जायचं, तोंडासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं. काय म्हणायचं, ते ठरवलं नव्हतं. नुसतं "भाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

सुपारीवर बोट ठेवलं. अल्हम्द सुरू केली, आणि मी ती घाईनं म्हणत होतो. डोळा लाल झाला, पिवळा झाला, पांढरा झाला आणि विझला. एक प्लग गेला.  कोणता गेला ते शोधायला वेळ नव्हता, एकेकावर तार टेकवून पाहिली, दुसऱ्यावर टेकवली तेव्हा डोळा पेटला. तिथं ती गुंडाळली. दोन प्लग राहिले होते. भाईनं सांगितलेलं सगळं मला त्या वेळी आठवत होतं, आणि तरी मी बटण दाबलं. पट्टी तापली, सुपारी जळल्याचा वास आला, बोट भाजलं, मी सोडलं नाही. डोळा एकदा असा पेटला की पलीकडची फळी उजळली, आणि मग काळा. मी स्टार्टर मारला, मारत राहिलो, बॅटरी दमून नुसती कण्हू लागेपर्यंत. चिंधी पेटवली, पण चिंधी धरायला एक माणूस लागतो आणि स्टार्टरला दुसरा. दुसरा माणूस पडावात बसून चालला होता.

मी पाहत राहिलो. आगबोटीचा भोंगा झाला. धूर वाऱ्याबरोबर दर्याकडे गेला.

जोमा दुपारी परतला. माझं भाजलेलं बोट पाहिलं, उघडं इंजिन पाहिलं, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. बराच वेळ दोर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "मधे एकदा विचारलं त्यानं. इंजिनचा आवाज येतोय का रं, जोमा? मी म्हटलं, न्हाय. परत थोड्या येळानं विचारलं. मी म्हटलं, न्हाय रं बाबा." भाईला मागं वळून बघता येत नव्हतं. दर्यावर निघालेला वळून बघत नाही. तो कान देऊन बसला होता.

भाई परत आला नाही. दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली, त्यात सगळ्यांना सलाम आणि माझं नाव सगळ्यात आधी. मग मोठी लढाई लागली आणि दुसऱ्याच वर्षी त्याचं जहाज बुडाल्याचा कागद आला. कबर नाही. वर्षातून एकदा मी आगरदांड्याच्या धक्क्यावर जातो, आता काठी घेऊन, आणि त्याच्या नावानं अल्हम्द म्हणतो. दोनदा. सावकाश. जेटीवरच्या पोरांना वाटतं, म्हातारा बोटीची वाट बघतोय.

पण लढाईच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. भाई गेल्यावर वीस-पंचवीस दिवसांनी दिघीचा कासम मुंबईहून आला. लाँच तोवर धक्क्याला बांधलेली, शेट रोज निरोपावर निरोप पाठवत होता आणि मी कुणाला काही सांगत नव्हतो. कासमच्या हातात भाईच्या जुन्या लुंगीत बांधलेलं गाठोडं होतं, मुठीपेक्षा थोडं मोठं. म्हणाला, "इसाकनं जहाज सुटायच्या दिवशी दिलं. म्हणाला, उस्मानला सांग, तार काढून टाक."

मी ते घरी आणलं आणि अम्मापुढे सोडलं. नवे कोरे हीटर प्लग, तेल लावलेले, एकेक कागदात गुंडाळलेला.

"किती पाठवलेत?" अम्मानं विचारलं.

"चार."

"तो गेला तेव्हा किती जळले होते?"

"एक."

अम्मा उठली. थाळा काढला, भात वाढला, तळलेल्या माशाचे तुकडे वाढले आणि तो जमिनीवर मधोमध ठेवला. मी परळ घ्यायला वळलो नाही. माझ्या बाजूला बसलो आणि माझ्याच बाजूचं जेवलो.